गाण्याचा सातबारा कोणाच्या नावे?

(द्वितीय वर्ष, कला)

जमिनीला सातबारा असतो, घराला घरपट्टीची पावती असते, बाजारात घेतलेल्या बैलाचीही चिठ्ठी होते. वस्तू ज्याची, त्याचे नाव कागदावर, हा व्यवहार शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही पक्का ठाऊक असतो. बांधावरून एक वीत जमीन सरकली तर आपल्याकडे दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या खेपा घालतात. पण ज्या गाण्यावर आख्खे गाव रात्रभर डोलते, त्या गाण्याचा मालक कोण, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. गाणे गाणाऱ्याचे, असे आपण धरून चालतो. रचणारा कोठला, तो जगला कसा, त्या गाण्याने त्याच्या चुलीत काय पडले, याची चौकशी होत नाही.

स्वतः गाणी रचायची, स्वतः गायची आणि गावोगाव फिरून त्यावर पोट भरायचे, अशा कलावंताला इंग्रजीत 'सिंगर-साँगरायटर' म्हणतात. हा शब्द आपल्याला नवा वाटेल. माणूस मात्र जुना आहे. आपण त्याला शाहीर म्हणतो. शाहिरीच्या वाङ्मयीन गुणांवर आपल्या अभ्यासक्रमात पुष्कळ लिहिलेले आहे. प्रस्तुत लेखात मला तिची दुसरी बाजू पाहावयाची आहे. शाहिरी हा व्यवसाय म्हणून कसा चालतो, हा माझा विषय आहे.

एकाच रस्त्यावरची परंपरा

या विषयासाठी आपणांस फार दूर जाण्याचे कारण नाही. आळेफाट्यावरून जो पुणे-नाशिक रस्ता जातो, त्याच्या दोन्ही अंगांना ही परंपरा पसरलेली आहे. दक्षिणेला नारायणगाव. तमाशाच्या फडांचे माहेरघर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. उत्तरेला संगमनेर, म्हणजे पेशवाईतील शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) यांचे गाव. त्याच तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या याच पवळाबाईंनी घुंगरांवर आणि गळ्यावर साऱ्या महाराष्ट्रात नेल्या. आणखी पुढे सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचे खेडे आहे. तेथे १९२२ साली वामन तबाजी कर्डक जन्मले, ज्यांना लोक वामनदादा म्हणतात. एस. टी.ने अर्ध्या दिवसात संपणाऱ्या या टापूत शाहिरीच्या अडीचशे वर्षांचा इतिहास सापडतो.

या अडीचशे वर्षांत शाहिराला पैसे देणारे तीन धनी झाले. पहिला धनी दरबार. पेशवाईत शाहिराला शालजोडी, बिदागी, कधी वर्षासन मिळे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होनाजी-बाळा होते. होनाजी रचना करीत आणि बाळा कारंजकर गात. दोघांचे मिळून एकच नाव झाले. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला तो याच होनाजीवर. परंतु १८१८ साली पेशवाई बुडाली आणि त्याबरोबर हा आश्रयही बुडाला. त्यानंतर शाहीर लोकांच्या पैशावर आला. शहरात तिकीट काढून तमाशा पाहणारा गिरणी कामगार हा दुसरा धनी आणि खेड्यात वर्गणी काढून तमाशा आणणारी यात्रा कमिटी हा तिसरा. दरबारी शाहीर एकाला खूश ठेवी. पुढच्या शाहिराला रोज नव्या गावाला खूश ठेवावे लागले. 'स्वतंत्र' कलावंत म्हणतात तो येथे जन्मला. मात्र हे स्वातंत्र्य पोटाच्या चिंतेसकट आले, हे विसरता येत नाही.

पठ्ठे बापूराव : गाणी सर्वांची, हाल एकट्याचे

या स्वातंत्र्याची सर्वांत मोठी किंमत बहुधा पठ्ठे बापूरावांनी मोजली. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८६६, गाव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष. घरात कुलकर्णी वतन होते. ब्राह्मणाच्या मुलाने तमाशात शिरणे म्हणजे त्या काळी जातीतून आणि घरातून उठणे. ते उठले. महार समाजातील पवळाबाई त्यांच्या फडात आल्या आणि या जोडीने मुंबईची थिएटरे आणि खेड्यांतील जत्रा गाजविल्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांपुढे त्यांनी 'मिठाराणी'चा वग केला होता. त्यांच्या रचनांची संख्या लाखांत सांगण्याची परंपरा आहे. आकड्याचा अतिरेक सोडला तरी त्यांचे गण, गौळणी आणि लावण्या त्यांच्या पश्चात कितीतरी फडांनी गायिल्या आणि आजही गायिल्या जातात.

आणि शेवट? २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात दारिद्र्यात त्यांचा अंत झाला. पाच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला! ज्याच्या शब्दांवर शेकडो फडांची उपजीविका चालली, त्याला म्हातारपणी त्या शब्दांचा आधार का झाला नाही?

याचे उत्तर व्यवसायाच्या रचनेत आहे. तमाशात पैसा मिळतो तो रात्रीचा. फड उभा राहिला, ढोलकी कडाडली, खेळ रंगला, की त्या रात्रीचे पैसे हातात. गाण्याचे म्हणून वेगळे पैसे कोणी देत नाही. जोवर शाहिराचा आवाज शाबूत आहे, पायांत फिरण्याचे बळ आहे, फड एकत्र आहे, तोवर रात्री मिळतात. आवाज गेला की रात्र गेली. गाणी मात्र म्हातारी होत नाहीत. ती दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन बसतात आणि दुसऱ्याला रात्री मिळवून देतात. शेतकरी थकला तर जमीन खंडाने देऊन दोन घास खातो. शाहिराला आपले गाणे खंडाने देण्याची सोय नव्हती.

शेवटच्या कडव्यातील सही

सोय नव्हती, पण नाव राखण्याची एक युक्ती मात्र आपल्या पूर्वजांनी शोधली होती. ती म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते, त्याचप्रमाणे लावणीच्या, पोवाड्याच्या आणि गौळणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव, कधी गुरूचे, कधी गावाचे आणि कधी ढोलकी वाजविणाऱ्या सोबत्याचेही नाव गुंफी. अनंत फंदी, होनाजी-बाळा, पठ्ठे बापूराव ही सारी नावे आपल्यापर्यंत अशीच पोहोचली. छापखाना नाही, कायदा नाही, ऐकणारा निरक्षर. अशा स्थितीत गाण्याच्या पोटातच मालकाचे नाव शिवून टाकणे, यापरते शहाणपण कोणते? यमकात बसविलेले नाव काढून दुसरे घालायचे तर छंद मोडतो आणि जाणकार श्रोता लगेच हटकतो. हाच गाण्याचा पहिला सातबारा.

या सातबाऱ्याला घाला पडला तो यंत्रामुळे. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. फडात अर्धा तास खेळवली जाणारी लावणी तेवढ्यात बसवायची म्हणजे कडवी गाळणे आले आणि शेवटाला जे असते ते सहज गळते. तबकडीवरच्या कागदी चकतीवर मोठ्या अक्षरांत गायकाचे नाव. ऐकणाऱ्याला तर तेही दिसत नाही. पुढे कॅसेट आल्या, नंतर मोबाईल आला. गाण्याचा आवाका वाढला आणि रचनाकाराचे नाव लहान लहान होत गेले. या प्रकारात कोणी एक दुष्ट माणूस नाही. पण प्रत्येक नव्या सोयीत एकाच माणसाचे नाव गळते, हे मात्र खरे.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण देतो. 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे गीत कोणाचे, असे आपल्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक उत्तरे 'शाहीर साबळे' अशी येतील. शाहिरांनी ते गायिले आणि अजरामर केले, यात शंका नाही. परंतु शब्द राजा बढे यांचे आहेत आणि चाल श्रीनिवास खळे यांची आहे. २०२३ साली ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. राज्यगीताच्या कवीचे नाव जिथे चटकन आठवत नाही, तिथे खेड्यातल्या लावणीकाराची काय कथा!

देशवंडीचे वामनदादा

नाममुद्रेचे मोल ज्यांनी आधुनिक काळात सर्वांत चांगले ओळखले, ते माझ्या मते वामनदादा कर्डक. बालपण खेड्यात गरिबीत गेले. पोटासाठी मुंबईला आले, गिरणीत व मिळेल तेथे मजुरी केली. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. १९४३ च्या सुमारास त्यांनी गाणी रचण्यास सुरुवात केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार हा त्यांच्या गाण्याचा प्राण झाला आणि पुढची साठ वर्षे ते वस्त्या-वस्त्यांतून, जयंतीच्या मांडवांतून, परिषदांतून गात फिरले. त्यांच्या रचना हजारांनी मोजल्या जातात. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे गीतसंग्रह निघाले. १५ मे २००४ रोजी ते गेले.

वामनदादांच्या कारकिर्दीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांच्या मागे सरकार नव्हते, मोठी कंपनी नव्हती, कायमचे थिएटर नव्हते. होता तो ऐकणारा समाज. त्यांची गाणी दुसऱ्या गायकांनी उचलली, भीमजयंतीच्या मंचावर गायिली. पण शेवटच्या ओळींत 'वामन' हे नाव इतके घट्ट विणलेले असे, की गाणारा कोणीही असो, ऐकणारा म्हणे, "हे वामनदादांचं!" दुसरे असे की, श्रोत्यांना तो शब्द ऐकण्याची सवय होती. ते शेवटच्या कडव्याची वाट पाहत. म्हणजे नाव टिकते ते केवळ लिहिणाऱ्याच्या हुशारीने टिकत नाही. ऐकणाऱ्याच्या आदरानेही टिकते. पैशाच्या बाबतीत मात्र वामनदादांनाही गाण्याने श्रीमंत केले नाही. नाव राहिले, भाडे मिळाले नाही.

साबळ्यांनी वेगळी वाट धरली. १९२३ साली वाई तालुक्यातील पसरणी येथे जन्मलेल्या कृष्णराव साबळे यांनी स्वतःची पार्टी बांधली. पोवाड्यापासून सुरुवात करून त्यांनी 'आंधळं दळतंय' सारखे मुक्तनाट्य रंगमंचावर आणले आणि पुढे 'महाराष्ट्राची लोकधारा' हा कार्यक्रम ठिकठिकाणी नेला. रेकॉर्ड, आकाशवाणी, नाट्यगृह असे अनेक मार्ग त्यांनी हाताळले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच रात्रीवर न विसंबता चार ठिकाणी पेरणी करणारा हा शाहीर. जिरायत शेतीत एकच पीक घेऊ नये म्हणतात, ते कलेलाही लागू पडते!

नारायणगावच्या राहुट्या

आता आजची स्थिती पाहू. दरवर्षी यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाची पाटी असते. गावोगावचे पंच आणि यात्रा कमिटीची माणसे येतात, कोणता फड, कोणती तारीख, रक्कम किती यावर घासाघीस करतात आणि 'सुपारी' देतात. थोडी रक्कम आगाऊ, बाकीची खेळाच्या वेळी. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे मोठी गर्दी असते, कारण चैत्र-वैशाखात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा असतात आणि एका तिथीला अनेक गावांना फड हवा असतो. ज्या तिथीला मागणी जास्त, त्या रात्रीची सुपारी महाग. यात्रा नसेल त्या दिवशी मोठे फड कनात लावून तिकिटावर खेळ करतात. दसऱ्याला सुरू झालेला हा हंगाम वैशाखात संपतो. पाऊस सुरू झाला की तंबू गुंडाळला जातो.

मोठ्या फडात पाऊणशे-शंभर माणसे असतात. गाड्या, तंबू, दिवे, ध्वनिक्षेपक, स्वयंपाकी, बिगारी, सगळे आले. हंगामापूर्वी फडमालक कलावंतांना 'उचल' देतो. ती बहुधा कर्ज काढूनच द्यावी लागते. कलावंत पावसाळ्यात ती उचल खातो आणि हंगामभर फेडतो. मालक सुपाऱ्यांतून कर्ज फेडतो. एखादा हंगाम बुडाला तर ही साखळी तुटते. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत यात्राच भरल्या नाहीत आणि फड बसून राहिले. तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली.

या हिशेबात गाणे रचणारा कोठे बसतो? सुपारीच्या रकमेत गाडीचे डिझेल धरलेले असते, जनरेटर धरलेला असतो, नाचणारीचे आणि सोंगाड्याचे पैसे असतात. गाण्याचे म्हणून वेगळे कलम नसते. त्यातून प्रेक्षकांना आता चित्रपटातील गाणी हवी असतात. तेव्हा नवी लावणी रचून घेण्याची गरजच मालकाला कमी भासते. याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग (१९३५-२००२) यांनी गायनाने, नृत्याने आणि अभिनयाने तमाशाला राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत नेले. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींकडून पदके मिळाली. तरीही त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. राज्य सरकार २००६ पासून त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. समोर उभी राहणारी, नावाजलेली कलावंतीणही जिथे थकल्यावर उघडी पडते, तिथे पडद्यामागे बसून ओळी जुळविणाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

कायदा काय म्हणतो?

आता असे नाही की या बाबतीत कायदाच नाही. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यातील चार गोष्टी प्रत्येक गाणे लिहिणाऱ्या मुलाला माहीत असाव्यात.

पहिली : गाणे कागदावर उतरले की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. मात्र ती केल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दुसरी : हा हक्क कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. वामनदादांच्या गीतांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. पठ्ठे बापूरावांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांची मुदत २००५ च्या अखेरीस संपली. आता त्या सर्वांच्या आहेत.

तिसरी : तोंडी बोलून हक्क विकला जात नाही. लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षांची धरतात. परंतु पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेले गाणे वेगळे ठरले नसल्यास मालकाचे होते, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी : २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मोठा आधार दिला. चित्रपटात वा रेकॉर्डमध्ये घेतलेले गाणे पुढे इतरत्र वाजले, तर त्याच्या मानधनातील वाटा त्यांना मिळतो, आणि हा वाटा त्यांनी आधीच लिहून दिला तरी तो जात नाही. हे पैसे गोळा करून वाटण्यासाठी १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था आहे.

गाणे ही केवढी मिळकत असू शकते, हे बॉब डिलन या अमेरिकन गायक-कवीकडे पाहिले म्हणजे कळते. गिटार घेऊन गावोगाव गाणाऱ्या या माणसाला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले, आणि २०२० साली त्याने आपल्या गाण्यांचे हक्क एका कंपनीला विकले. त्याच्या गाण्यांना उतारा होता, म्हणून ती विकता आली. आपल्या शाहिराचे गाणे काही कमी पिकाचे नाही. पण खातेउताऱ्यावर त्याचे नावच नाही. ज्याला कागदाची भीती वाटते, ज्याच्या घरात सही करणारे कोणी नाही, त्याच्यापर्यंत कायदा आपण होऊन चालत येत नाही. तो कोणीतरी वाचून सांगावा लागतो.

आपल्याला काय करता येईल?

येथे आपला, म्हणजे कॉलेजात शिकणाऱ्यांचा, संबंध येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात भजनाची वही आहे, कोणाच्या आजीला ओव्या येतात, कोणाचा चुलता कलापथकात डफ वाजवितो. ज्यांच्या घरात लिहिणारे पहिल्यांदाच झाले, त्यांना ही कामे सहज करता येतील.

आपल्या गावच्या यात्रेत ध्वनिक्षेपकावरून वर्गणीदारांची, मानकऱ्यांची आणि फेट्याच्या मानाची नावे तासभर घेतली जातात. त्यात गाणे कोणी रचले हे एक वाक्य घालण्यास पैसा लागत नाही. स्नेहसंमेलनात गाणे म्हणताना कवीचे नाव आधी सांगावे आणि शेवटचे कडवे गाळू नये. गाळायचेच तर मधले गाळावे! ओळखीचा कोणी गाणी रचीत असेल तर त्याच्या वहीत तारीख घालून द्यावी, आणि कोणी कागद पुढे केला तर तो सहीपूर्वी वाचून दाखवावा. मराठी विभागाने मनावर घेतले तर परिसरातील लावणीकारांच्या आणि भजनकारांच्या रचना नाममुद्रेसह उतरवून घेण्याचा प्रकल्पही होऊ शकेल.

आमच्या आळ्यात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले, तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. शब्द त्याचे नव्हते, त्याने ते केवळ उच्चारले; तरीही सातशे वर्षे आम्ही त्याच्यापुढे नारळ ठेवीत आलो. हे योग्यच आहे, कारण शब्द पोहोचविणाराही मोठाच. पण त्या कथेत वदविणाऱ्याचे नाव कोणी विसरलेले नाही. माउलींचे नाव आधी येते आणि मग रेड्याचे. गाण्याच्या बाबतीतही एवढाच क्रम आपण पाळला, तर पुढच्या पठ्ठे बापूरावाचे म्हातारपण थोडे तरी सुसह्य होईल, असे मला वाटते.